पहाटे चारचे पाणी

सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. करीत असताना प्रबंधिकेसाठी मला जो विषय मिळाला, तो ऐकून आमच्या दांडिया बाजारातल्या घरी कोणालाच फारसा आनंद झाला नव्हता. बडोद्याच्या पूर्वेला, तेव्हा शहराच्या वेशीवर असलेल्या एका तळ्यातल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू चोवीस तासांत कसा वाढतो आणि कसा घटतो हे दर तीन तासांनी मोजायचे, आणि त्या चढउताराचा तिथल्या सूक्ष्मजीवांशी काय संबंध लागतो ते पाहायचे, एवढेच काम होते. एवढी शिकलेली नात निदान रोगजंतूंवर काहीतरी करील अशी आजीची अपेक्षा होती, "तळ्याचं पाणी मोजायला एम. एस्सी. कशाला हवं?" असे ती शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे. खरे सांगायचे तर मलाही काम सोपे वाटले होते. हवेत २१ टक्के प्राणवायू आहे, तळे हवेला उघडे आहे, तेव्हा पाण्यात तो पुरेसा असणारच, अशी माझी समजूत होती.

मोजण्याची पद्धत जुनी होती. लायोश विंक्लर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने ती १८८८ साली प्रसिद्ध केली, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता, आणि आज विजेवर चालणारी उपकरणे हाताशी असतानाही त्यांची खात्री करून घ्यायची झाली तर याच पद्धतीकडे वळावे लागते. तीनशे मिलिलिटरची, तिरप्या टोकाचे काचेचे बूच असलेली बाटली पाण्याने काठोकाठ भरायची, पिपेटचे टोक पाण्याखाली बुडवून तिच्यात आधी मँगनीज सल्फेट आणि मग अल्कली व आयोडाइडचे द्रावण सोडायचे, आत बुडबुडा न राहू देता बूच लावायचे आणि बाटली उलटसुलट करीत राहायचे. पाण्यात प्राणवायू असेल तर मँगनीजचा साका तपकिरी होतो, आणि जितका प्राणवायू अधिक तितका रंग गडद. साका खाली बसला की सल्फ्युरिक आम्ल घालायचे. साका विरघळतो आणि जेवढा प्राणवायू होता त्या प्रमाणात आयोडीन मोकळे होऊन पाणी सोनेरी पिवळे दिसू लागते. ते पाणी फ्लास्कमध्ये मोजून घेऊन ब्युरेटमधून, म्हणजे आकडे कोरलेल्या तोटीच्या काचनळीतून, थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडायचे, रंग फिकट गवती झाला की स्टार्च घालायचे, आणि निळा रंग ज्या थेंबाला नाहीसा होतो तो थेंब धरायचा. प्रमाण असे ठरवलेले असते की ब्युरेटवरचा एक मिलिलिटर म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम प्राणवायू. गंमत म्हणजे ते थायोसल्फेटसुद्धा जीवाणूंच्या तावडीतून सुटत नाही. ठेवलेले द्रावण काही दिवसांत उतरते, म्हणून त्यात क्लोरोफॉर्मचे चार थेंब टाकून ठेवावे लागतात आणि तरीही दर वेळी डायक्रोमेटशी ताडून पाहावे लागते.

पहिल्याच आठवड्यात मी तळ्याच्या मधोमध नावेतून बादली सोडून तळाजवळचे पाणी काढले, काठावर आणले, आणि घरी घागरीतून कळशीत ओततो तसे ते बाटलीत ओतले. उत्तर आले ६.८. मी आकडा मोठ्या समाधानाने वहीत लिहिला. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी वही पाहिली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, "हे तळाचं पाणी आहे की नळाचं?" मी कसे भरले ते सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे मोजायच्या आधीच तू त्याला प्राणवायू पाजलास." ओतताना पाण्याची धार फुटते, तिच्यात हवेचे बुडबुडे कोंडले जातात, आणि ज्या पाण्यात प्राणवायू नसतो ते तो सर्वांत हावरटपणे घेते. दोन सेकंदांच्या त्या ओतण्याने कदाचित तळ्याने आठवडाभर जपलेली परिस्थिती मी पुसून टाकली होती.

मग मांडवीजवळच्या एका पत्र्याच्या कारागिराकडून मी एक डबा करून घेतला. डब्यात बाटली बसे. झाकणातून एक नळी बाटलीच्या तळापर्यंत गेलेली, आणि दुसरी, हवा बाहेर पडायला, झाकणाच्या जरा वर आलेली. डबा शिसे बांधून दोरीने हव्या त्या खोलीवर सोडायचा आणि दुसऱ्या दोरीने नळीचे रबरी बूच ओढायचे. पाणी बाटलीच्या तळातून वर चढत बाटली भरते, ओसंडते आणि मग डबा भरते. डबा बाटलीच्या तिप्पट असल्याने हवेचा स्पर्श झालेले पहिले पाणी बाटलीबाहेर वाहून जाते आणि आत राहते ते न विटाळलेले. कारागिराने डबा देताना यात तूप ठेवणार की तेल, असे विचारले होते. मी पाणी म्हटल्यावर त्याने पैसे कमी घेतले.

डबा तयार होईपर्यंतच्या दिवसांत मॅडमनी मला गणिते करायला लावली, आणि त्या गणितांनी जे केले ते पुढे कोणत्याही पुस्तकाने केले नाही. पंचवीस अंश सेल्सियसला एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. त्याच तापमानाला, हवेशी पूर्ण समतोल साधलेल्या एक लिटर गोड्या पाण्यात तो ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. म्हणजे तेहतीसपट कमी. पाणी तापले की हा वाटा आणखी घटतो: शून्य अंशाला १४.६, वीस अंशाला ९.१ आणि तीस अंशाला जेमतेम ७.६. उष्णतेने जीवाणूंची भूक वाढते आणि नेमके तेव्हाच पाण्याचे कोठार आकसते, त्यामुळे बडोद्याच्या मे महिन्यात तळ्याच्या पाण्याची दोन्हीकडून अडचण होते.

पण साठ्यापेक्षा महत्त्वाचा होता वेग. आडोल्फ फिक याने १८५५ साली मांडलेल्या विसरणाच्या नियमांवरून असे निघते की एखादा रेणू आपोआप, कोणी ढवळल्याशिवाय, किती लांब जाईल हे वेळेच्या वर्गमुळावर अवलंबून असते. अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट. हवेत प्राणवायूचे विसरण पाण्यातल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी जलद होते. मी आकडे घालून पाहिले. स्थिर पाण्यात एक मिलिमीटर जायला प्राणवायूला साधारण चार मिनिटे लागतात. एक सेंटिमीटरला सात तास. दहा सेंटिमीटरला महिना. एका मीटरला जवळजवळ आठ वर्षे. आमचे तळे मध्यभागी दीड मीटर खोल होते. तेवढ्याला अठरा वर्षे निघाली. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, आणि माझ्या चौथ्या वाढदिवशी पृष्ठभागावरून निघालेला प्राणवायू आत्ता तळाशी पोचतो आहे अशी कल्पना करून मी बराच वेळ कागदाकडे पाहत बसले. हवेत मात्र एका मीटरला सातच तास पुरतात. म्हणजे पाण्यातला एक सेंटिमीटर आणि हवेतला एक मीटर यांना सारखाच वेळ लागतो. हे एक वाक्य मी अजूनही विद्यार्थ्यांना सर्वांत आधी सांगते.

अर्थात कोणतेही खरे तळे इतके स्थिर नसते. वारा वरचे पाणी ढकलतो, म्हशी उतरतात, रात्री वरचा थर गार होऊन जड होतो आणि खाली बुडतो, आणि दिवसा पाण्यातले शैवाल स्वतःच प्राणवायू तयार करते. या चार गोष्टी नसत्या तर तळ्याच्या वरच्या काही मिलिमीटरांखाली प्राणवायूवर जगणारे काहीच उरले नसते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात चोवीस तासांची पहिली फेरी ठरली: दुपारी चार, संध्याकाळी सात, रात्री दहा, एक, पहाटे चार, आणि असेच पुढे. रात्री एकटी जायचे नाही या अटीवर घरून परवानगी मिळाली आणि बाबा सोबत आले. त्यांनी थर्मास, टॉर्च, सतरंजी आणि ऑफिसातून आणलेली एक कार्बन लावलेली नोंदवही घेतली होती. बँकेत आयुष्य गेल्यामुळे कोणतीही नोंद दोन प्रतींत झाल्याशिवाय त्यांचे समाधान होत नसे. तळ्याचा राखणदार एक वयस्कर गुजराती गृहस्थ होता. मी काय मोजते आहे हे त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "बेन, माछली सवारे मरे छे, बपोरे नहीं." मासे मरतात ते सकाळी, दुपारी नाही, एवढ्या उन्हात पाणी तापूनसुद्धा दुपारी का मरत नाहीत, हे त्याला कोणी सांगितले नव्हते आणि त्याने कोणाला विचारलेही नव्हते.

दुपारी चारला पाणी वाटाण्याच्या आमटीसारखे हिरवे होते. पृष्ठभागाच्या बाटलीत साका इतका गडद तपकिरी पडला की मला तो चहाच्या चोथ्यासारखा वाटला, आणि उत्तर आले १५.६. बत्तीस अंशांच्या पाण्यात हवेच्या हिशेबाने साडेसातसुद्धा मावायला नको, आणि इथे त्याच्या दुप्पट. सूर्यप्रकाशात शैवाल इतक्या वेगाने प्राणवायू बनवत होते की तो हवेत निघून जायला त्याला वाव मिळत नव्हता. त्या वेळी प्राणवायू हवेतून पाण्यात जात नव्हता, तर पाण्यातून हवेत जात होता. मात्र त्याच नावेतून, त्याच मिनिटाला, दीड मीटर खालून काढलेल्या बाटलीत तो अवघा १.१ होता. हिरव्या पाण्यातून प्रकाश खाली पोचत नव्हता, ऊन लागून हलके झालेले वरचे पाणी खालच्या पाण्यावर तरंगत होते, आणि तळाच्या गाळातले जीवाणू वरून पडणारे मेलेले शैवाल खात होते. सात वाजता वरचा आकडा १३ वर आला. दहाला ७.९. एकला ३.४. बाबा प्रत्येक आकडा दोन प्रतींत उतरवत होते आणि एकच्या नोंदीनंतर त्यांनी पहिल्यांदा आपणहून विचारले, "अगं, हे असंच उतरत राहिलं तर?"

पहाटे चारला मी पृष्ठभागाची बाटली घेतली, रसायने घातली, आणि फिकट कॉफीसारखा साका पाहून समजले की फारसे काही उरलेले नाही. मग तळाची बाटली. मँगनीज घातले, अल्कली-आयोडाइड घातले, बूच लावले, बाटली उलटी केली, सरळ केली, पुन्हा उलटी केली, आणि टॉर्चच्या प्रकाशात आत जे दिसले ते पांढरे होते. कोऱ्या दुधासारखे, कडेला किंचित गुलाबी झाक असलेले पांढरे. माझी पहिली भावना शास्त्रीय नव्हती. मला वाटले मी एखादे द्रावण घालायला विसरले. मी पिपेट तपासल्या, बाटल्यांवरची लेबले तपासली, पुन्हा पाणी काढले, पुन्हा पांढरे. बाटली उघडली तेव्हा कुजक्या अंड्यांचा वास आला. प्राणवायू शून्य, आणि सल्फाइड हजर. अशा पाण्यात विंक्लरची पद्धत नेमका आकडा देत नाही, कारण सल्फाइड स्वतःच आयोडीन खाते, त्यामुळे मॅडमच्या सांगण्यावरून मी पुढे प्रबंधिकेत तिथे आकडा न लिहिता 'नाही' असा शब्द लिहिला. पृष्ठभागाचे उत्तर आले ०.९.

त्या वेळी मासे वर आले होते. काठापासून हातभर अंतरावर शेकडो तोंडे पाण्याच्या सपाटीला चिकटून उघडझाप करीत होती आणि सगळ्या तळ्यावर तांदूळ निवडतानाच्या आवाजासारखी बारीक कुजबुज पसरली होती. बाबांना वाटले मासे हवा खात आहेत. ते हवा खात नव्हते. ते पाण्याचा सर्वांत वरचा, मिलिमीटरभर जाडीचा थर कल्ल्यांतून घेत होते, ज्या थरात हवेतून आलेला प्राणवायू चार मिनिटांत पोचतो. त्याच्या खालचे पाणी त्यांच्या उपयोगाचे उरले नव्हते. रात्री शैवालही इतरांसारखाच प्राणवायू खाते, जीवाणू तर खातातच, आणि पहाटेच्या गारव्याने वरचे पाणी जड होऊन बुडू लागले की तळाचे वासाचे पाणी वर येऊन उरलासुरला प्राणवायूही संपवते. सातच्या फेरीत आकडा १.८ झाला होता आणि काठाला अकरा मासे पोटे वर करून लागले होते. राखणदाराने ते मोजले नाहीत. त्याने फक्त माझ्याकडे पाहून मान हलवली.

यानंतर मला तळ्यापेक्षा त्यातले जीवाणू अधिक महत्त्वाचे वाटू लागले. तळाच्या पाण्याचा एक थेंब स्लाइडवर ठेवून त्यावर आच्छादक काच ठेवताना एका कोपऱ्यात चुकून हवेचा बुडबुडा अडकला होता. नेहमी अशी स्लाइड टाकून देतात. मी आळसाने तशीच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि दहा मिनिटांनी पाहिले तर बुडबुड्याच्या कडेला जीवाणूंची एक दाट पट्टी तयार झालेली होती, जणू आरतीला देवासमोर जमलेली गर्दी. त्या पट्टीच्या मागे थोडी मोकळी जागा, आणि मग वळणदार, मळसूत्रासारख्या जीवाणूंची दुसरी, विरळ पट्टी. त्यांना प्राणवायू हवा होता पण थोडा, बुडबुड्याला अगदी चिकटून राहणे त्यांना सोसत नव्हते. आणखी आत, काचेच्या मध्यभागी, प्राणवायूला विष मानणारे होते. एंगेलमानने १८८० च्या दशकात आणि त्यानंतर बायेरिंकने १८९३ मध्ये नेमके हेच पाहून ठेवले होते हे मला नंतर कळले, आणि थोडा हिरमोड झाला. पण त्या दिवशी मला उमगले ते असे की अर्ध्या सेंटिमीटरच्या त्या थेंबात पत्ता सांगायचा झाला तर तो हवेपासूनच्या अंतरावरूनच सांगता येईल.

एकट्या जीवाणूला प्राणवायूची अडचण सहसा येत नाही. त्याची लांबी एक-दोन मायक्रोमीटर, आणि एवढे अंतर प्राणवायू सेकंदाच्या हजाराव्या-दोन हजाराव्या हिश्श्यात कापतो. अडचण येते ती गर्दीची. आपल्या आधीच्या हजारो तोंडांनी वाटेतच सगळे संपवले तर मागच्याकडे काही पोचतच नाही. म्हणून दात घासले नाहीत तर त्यांवर चढणाऱ्या चिकट पापुद्र्यात, जो कागदाइतकाच जाड असतो, वर प्राणवायूवर जगणारे आणि आत त्याला घाबरणारे जीवाणू एकत्र नांदू शकतात.

हे थर डोळ्यांनी पाहता यावेत म्हणून मी विनोग्राड्स्कीचा स्तंभ करायचे ठरवले. सर्गेई विनोग्राड्स्की हा रशियन शास्त्रज्ञ गंधकावर जगणाऱ्या जीवाणूंचा अभ्यास करीत होता आणि चिखलाने भरलेल्या काचेच्या उंच भांड्यात तळ्याची छोटी प्रतिकृती उभी करण्याची युक्ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. मी तळ्याचा चिखल आणला, त्यात वर्तमानपत्राचे बारीक तुकडे कालवले, म्हणजे जीवाणूंना कुजवायला काहीतरी मिळेल, आणि गंधकासाठी सल्फेट हवे होते. पुस्तके सांगतात की अंड्याचा बलक घाला. आमच्या घरात अंडे येणे शक्य नव्हते. शेवटी मागच्या गणेशोत्सवाच्या मखरातला प्लास्टर ऑफ पॅरिसचा तुटका खांब माळ्यावर सापडला. तो म्हणजे कॅल्शियम सल्फेटच. खलबत्त्यात कुटून मी तो चिखलात मिसळला. सुरसागरात विसर्जित होणाऱ्या मूर्तींमधून तळाच्या जीवाणूंना नेमके काय मिळत असेल हे मला तो खांब कुटताना सुचले, आणि आजीला ते मी सांगितले नाही.

काठ टवका गेलेल्या एका लिटरच्या मोजपात्रात हा चिखल भरून वर चार बोटे पाणी ठेवले आणि पात्र गच्चीच्या जिन्यातल्या खिडकीत, थेट ऊन लागणार नाही असे उभे केले. आजीने विचारले, "हवा लागू द्यायची नाही ना? मग वर तेल ओत. लोणच्यावर ओततो तसं." प्रश्न चांगला होता. प्रयोगशाळेतही आम्ही जीवाणू वाढवायच्या नळीतल्या माध्यमावर द्रवरूप पॅराफिनचा थर देतो. पण मॅडमना विचारल्यावर त्यांनी सांगितले की पाण्यापेक्षा तेलात प्राणवायू अधिक विरघळतो, त्यामुळे तेल दार लावत नाही, वाट फक्त लांबवते. लोणच्यात ते उपयोगी पडते ते फोडी बुडालेल्या राहून त्यांवर बुरशीला पाय टेकवायला कोरडी जागा मिळत नाही म्हणून, आणि मिठामुळे तर अधिकच. आजीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बुरशी येत नाही ना? मग झालं तर."

पहिल्या आठवड्यात चिखलावर काळे ठिपके उमटले. तिसऱ्या आठवड्यात सगळा स्तंभ शाईसारखा काळा झाला होता. सल्फेटवर जगणारे जीवाणू सल्फाइड तयार करीत होते आणि ते चिखलातल्या लोहाला मिळून काळे लोह सल्फाइड बनत होते. फक्त एक ठिकाण काळे झाले नव्हते. चिखलाच्या अगदी वर, पाण्याला लागून, गंजाच्या रंगाची एक पट्टी राहिली होती. मी काचेला पट्टी लावून मोजली: चार मिलिमीटर. प्राणवायूचे राज्य तिथपर्यंत होते, किंबहुना त्याहूनही कमी, कारण गंज हा प्राणवायू येऊन गेल्याची खूण असतो, तो तिथे आत्ता असेलच असे नाही. डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठात १९८० च्या सुमारास काही मायक्रोमीटर टोकाचे काचेचे विद्युदग्र (इलेक्ट्रोड) तयार झाले, तेव्हा कुठे चिखलात प्राणवायू नक्की किती खोल जातो ते मोजता आले, आणि सकस तळ्यांच्या चिखलात ते अंतर बहुधा एक-दोन मिलिमीटरच भरते. त्याखाली मीटरच्या मीटर गाळ प्राणवायूशिवाय जगतो. प्राणवायूऐवजी आधी नायट्रेट, मग मँगनीज आणि लोह, मग सल्फेट, आणि काहीच उरले नाही की कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन, अशा उतरत्या क्रमाने भागवून घेतो.

सहाव्या आठवड्यात पाण्यात हिरवे शैवाल धरले आणि काळ्या भागाच्या वरच्या अंगाला, खिडकीच्या बाजूने, जांभळट गुलाबी डाग उमटले. हे जांभळे जीवाणू प्रकाशावर जगतात, पण शैवालासारखे पाणी न वापरता सल्फाइड वापरतात, त्यामुळे प्राणवायू सोडत नाहीत आणि तो त्यांना नकोही असतो. प्रकाश खिडकीतून, सल्फाइड खालून, आणि प्राणवायूपासून जरा लांब. या तिन्ही अटी जिथे एकत्र येतात ती जागा त्यांनी बरोबर शोधली होती. आजी रोज जिना चढताना तिथे थांबायची. दिवाळीत पाहुण्यांना तिने ते पात्र स्वतः नेऊन दाखवले, आणि "नातीनं बनवलंय, आत चिखलच आहे, पण बघा रंग कसे आलेत," असे सांगितले.

पुढे मी प्रतिजैविके बनवणाऱ्या एका कारखान्यात काही वर्षे काढली आणि तिथे हाच प्रश्न मला उलट बाजूने भेटला. किण्वनाच्या टाकीत प्रतिजैविक बनवणारी बुरशी इतकी दाट वाढते की पाण्यात विरघळलेला साठा काही सेकंदांत संपतो. तो सतत, दर क्षणाला भरून काढावा लागतो. साठा महत्त्वाचा नाही, पोचवण्याचा वेग महत्त्वाचा, हे तळ्यावर शिकलेले इथे पगार देऊ लागले. एक लिटर हवा एक सेंटिमीटर व्यासाच्या बुडबुड्यांत सोडली तर पाण्याला लागणारा पृष्ठभाग अर्ध्या चौरस मीटरहून थोडा अधिक. तीच हवा एक मिलिमीटरच्या बुडबुड्यांत फोडली तर दसपट, सहा चौरस मीटर. म्हणून पाती फिरतात, म्हणून टाकीच्या भिंतींना आडव्या येणाऱ्या पट्ट्या असतात. एका रात्रपाळीत फेस वर येऊ लागला म्हणून घाबरून मी फेसनाशक तेलाचा एक बीकर जास्तीचा ओतला. फेस क्षणात बसला. त्याबरोबर बारीक बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे झाले आणि आलेखाच्या कागदावरची प्राणवायूची लेखणी मी पाहत असताना सरळ खाली आली. ऑपरेटरने शिवी गिळली आणि पात्यांचा वेग वाढवला. पुढच्या दोन तासांत मी त्या लेखणीकडे पाहण्याखेरीज काहीच केले नाही.

गेल्या वर्षी त्या तळ्यावर पुन्हा गेले. शहर आता त्याच्या कितीतरी पुढे गेले आहे. काठाला फरशी, बाके, फिरायला येणाऱ्यांसाठी रेलिंग, आणि पाण्याच्या मधोमध एक उंच कारंजे. पाणी उडवणे हा प्राणवायू पोचवण्याचा उत्तम मार्ग आहे. थेंब जितके बारीक तितका पृष्ठभाग जास्त, बुडबुड्यांचेच गणित उलटे केलेले. मला मनापासून आनंद झाला आणि मी तिथल्या राखणदाराला, तो आता दुसरा आणि बराच तरुण होता, कारंजे कधी चालू असते ते विचारले. संध्याकाळी सहा ते नऊ, असे तो म्हणाला. म्हणजे ज्या वेळी दिवसभराचे शैवाल पाण्यात हवेच्या हिशेबाहून जास्त प्राणवायू भरून बसलेले असते आणि कारंजे उडाले तर तो आत जाण्याऐवजी बाहेरच जाणार, नेमक्या त्या वेळी. मी त्याला विचारले की हेच पहाटे तीन ते सहा चालवता येईल का, आणि का ते थोडक्यात सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले, मासे सकाळी मरतात हे त्यालाही माहीत होते.

"पण बेन," तो म्हणाला, "त्या वेळी कारंजं बघायला येणार कोण?"